माल्ट मिलला सुलट-उलट स्विच आणि इमर्जन्सी स्टॉप: वायरिंग कशी करावी?

गाळा_अंधेरी
मायक्रोब्रुअरीच्या चाचणी बॅचसाठी दोन रोलरची मिल बसवली आहे. एका वेळी ५-६ किलो जवाचा माल्ट भरडायचा असतो. मोटर अर्धा एचपी, सिंगल फेज, १४४० आरपीएम, कंडेन्सर-स्टार्ट, प्लेटवर ४ अँपिअर. मोटरला २ इंची पुली, मिलला १२ इंची. सध्या प्लग लावला की चालू, काढला की बंद.
खडा अडकला तर रोलर उलटे फिरवता यायला हवेत, हॉपरजवळ मोठं लाल बटण हवं, आणि वीज जाऊन परत आली तर मिल आपोआप सुरू होता कामा नये. लोहार चाळीत २० अँपिअरचा सहा टर्मिनलचा टॉगल मिळतो, मध्ये ऑफ असलेला. एवढ्यावर भागेल का?

तारतंत्री
नाही भागणार, आणि अडचण अँपिअरची नाही.
कंडेन्सर-स्टार्ट मोटर उलटी फिरवायची तर फक्त स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल करायची. रनिंग वाइंडिंगला हात लावायचा नाही. टॉगलची टर्मिनल एका बाजूला १-२-३, दुसऱ्या बाजूला ४-५-६ धरा. फेज १ ला, न्यूट्रल ४ ला. १ ते ६ आणि ३ ते ४ अशा तिरक्या तारा. मधल्या २ आणि ५ वरून स्टार्टिंगची सर्किट, म्हणजे वाइंडिंग, कंडेन्सर आणि सेंट्रिफ्युगल स्विच (मोटरने वेग घेतला की स्टार्टिंग तोडणारा) एका ओळीत. दिशा बदलायला एवढं पुरतं.
आता टॉगल मध्ये, म्हणजे ऑफवर ठेवा. रनिंग वाइंडिंगला करंट चालूच आहे, स्टार्टिंग मात्र तुटलेलं. अशा वेळी कोणी सप्लाय दिला तर मोटर घूंऽऽ करत जागच्या जागी उभी राहते आणि वाइंडिंग तापत जातं. म्हणून दिशेचा स्विच हा चालू-बंदचा स्विच कधीच नसावा. ते काम कॉन्टॅक्टरचं, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की जोडणाऱ्या आणि गेली की सोडणाऱ्या स्विचचं.
टॉगलऐवजी तीन पोलचा रोटरी कॅम स्विच घ्या, १-०-२ वाला, १६ अँपिअर. दोन पोल वरच्यासारखे दिशेला. तिसऱ्या पोलची बाहेरची दोन्ही टर्मिनल एकत्र जोडून तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या ओळीत घाला. चालत्या मिलवर कोणी मूठ फिरवली तर ० वरून जाताना कॉन्टॅक्टर सुटतो, आणि पुन्हा स्टार्टचं हिरवं बटण दाबल्याशिवाय काही होत नाही.

फेज_न्यूट्रल
कॉइलची ओळ लिहून देतो: फेज, मशरूम बटण, म्हणजे हॉपरजवळचं मोठं लाल (एनसी, एरवी जोडलेलं), लाल स्टॉप (एनसी), हिरवं स्टार्ट (एनओ, एरवी तुटलेलं), हॉपरच्या झाकणाचा लिमिट स्विच (झाकण उघडलं की तुटणारा), कॅम स्विचचा तिसरा पोल, ओव्हरलोड रिलेचा (जास्त करंट गेला की तोडणारा) ९५-९६ कॉन्टॅक्ट, मग कॉइलचं ए१ टोक. ए२ न्यूट्रलला. कॉन्टॅक्टरचा १३-१४, म्हणजे त्याच्यासोबत मिटणारा जादा कॉन्टॅक्ट, हिरव्या बटणाला समांतर. वीज गेली की १३-१४ उघडतो, परत आली तरी मिल झोपलेलीच राहते. कॉइल २३० व्होल्टची मागा. दुकानात ४१५ ची हातात दिली तर ती ओढणारच नाही.
कॉइलची फेज कॉन्टॅक्टरच्या आधीच्या बाजूने घ्यायची. मोटरच्या बाजूने घेतली तर हिरवं बटण दाबून काहीच होत नाही, आणि माणूस तासभर बटणच बदलत बसतो.
रिले तीन पोलचा असतो, मोटर सिंगल फेज. एकच पोल वापरला तर फेज-फेल्युअरची सोय असलेला रिले उगाच ट्रिप होतो. म्हणून तिन्ही पोलमधून करंट न्या: फेज पहिल्या पोलमधून, तिथून लूप करून दुसऱ्यातून मोटरला, न्यूट्रल तिसऱ्यातून. सेटिंग ४ अँपिअर, त्याच्या वर नाही. आधी सी कर्व्हचा १० अँपिअर एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की तोडणारा). बी कर्व्हचा ६ अँपिअरचा सुरू होतानाच्या करंटने पडू शकतो. मोटरच्या तारा १.५ चौ. मिमी, कंट्रोलच्या १ चौ. मिमी, टोकांना थिंबल. अर्थिंग मोटरच्या बॉडीला वेगळं आणि मिलच्या फ्रेमला वेगळं, बोल्टखालचा रंग खरवडून.

गाळा_अंधेरी
समजलं. पण मोटरमधून तीनच वायर बाहेर आल्या आहेत, चार नाहीत.

तारतंत्री
मग रनिंग आणि स्टार्टिंगचं एक-एक टोक आतच जोडलेलं आहे, बाहेरून उलटी करता येणार नाही. प्लग काढा, कंडेन्सर १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बने डिस्चार्ज करा, तो काढून त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडा, कारण कंडेन्सर मध्ये असला तर मल्टीमीटरला स्टार्टिंग दिसत नाही. मग तीन तारांत दोन-दोन घेऊन ओहम मोजा. ज्या जोडीत सर्वांत जास्त येतो ती रनिंग आणि स्टार्टिंगची मोकळी टोकं, उरलेली तार कॉमन. झाकण उघडून कॉमनचा सांधा सोडा, चौथी तार स्लीव्ह घालून बाहेर काढा. सांधा दोऱ्याने बांधून वार्निशमध्ये बुडालेला असेल तर मोटर वाइंडिंगवाल्याकडे द्या. ओढाताणीत वाइंडिंगची तार तुटली की अख्खी मोटर भरावी लागते.

जाड_भरड
वायरिंग झाली, आता वापराचं. स्टॉप दाबल्यावर मोटर मंदावताना आतून ‘टक’ असा आवाज येतो, तो सेंट्रिफ्युगल स्विच बसल्याचा. त्याआधी दिशा बदलून स्टार्ट दिलं तर स्टार्टिंग वाइंडिंग सर्किटमध्येच नसतं, मोटर जुन्याच दिशेने धावते आणि स्विच बिघडला असं वाटतं. तेव्हा ‘टक’ ऐका, पुली पूर्ण थांबू द्या, मग मूठ फिरवा.
रोलर अडकले तर रिले पडायची वाट पाहू नका, त्याला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ स्टार्टिंग वाइंडिंग आणि कंडेन्सर पूर्ण करंट खात असतात, आणि स्टार्टिंगचा कंडेन्सर क्षणभराच्याच कामाचा असतो. लाल बटण, थांबा, उलट दिशेने दोन-तीन सेकंद, बंद. खडा वर आला की प्लग काढून चिमट्याने उचला. बोटं नाही, प्लग काढलेला असला तरी. हॉपरच्या तोंडाशी एक लोहचुंबक लावला तर खिळे-स्क्रू तिथेच अडकतात.
मिलची पुली नुसत्या ग्रब स्क्रूवर (शाफ्टला दाबून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) असेल तर उलट-सुलट झटक्यांनी ती शाफ्टवर सैल होते. चावी (पुली आणि शाफ्टच्या खाचेत बसणारी लोखंडी पट्टी) बसवून घ्या, नागदेवीच्या बाजूला करून मिळते. शिवाय १४४० भागिले ६, म्हणजे २४० आरपीएम होतात. जरा जास्तच. १८० ते २०० ला टरफल अख्खं राहतं आणि पीठ कमी उडतं.
त्या पिठामुळेच पॅनेल आयपी ५४ (धूळ-पाणी रोखणारं) किंवा वरचं घ्या आणि ग्लँड, म्हणजे तार आत नेणारी बूच, खालून. वरून भोक पाडलं तर माल्टची धूळ सरळ कॉन्टॅक्टवर बसते, पावसाळ्यात ओल धरते, आणि बटण दाबूनही कॉइल थरथरते. जुलैत माल्ट उघडा राहिला तर तोही नरम पडतो. मग दाणा फुटत नाही, चपटा होऊन निघतो, आणि लोक विनाकारण रोलरमधला गॅप कमी करत बसतात. कोरडा माल्ट आणि १ ते १.१ मिमी गॅप, फीलर गेजने रोलरच्या दोन्ही टोकांना मोजून.
पहिली चाचणी पट्टा काढून. दोन्ही दिशा, मशरूम, झाकण, आणि मोटर चालू असताना एमसीबी पाडून परत वर करणं. दोन्ही दिशांना मोटर फिरली आणि बाकी सगळ्यांत गप्प राहिली तरच पट्टा चढवा.