मदत हवी आहे: फोटोंच्या डिस्कवरून आठवड्याभराचे फोटो गायब, सोमवारी पहाटे बॅकअप धावणार

हळदीचा फोटोवाला (शनिवार, सायं. ६.४०)

रामराम मंडळी,

एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज लिहायची पाळी आली. मिरजेत आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे; लग्न, मुंज, बारसं. स्टुडिओतल्या संगणकावर लिनक्स मिंट आहे. आत तीन डिस्क. २४० जीबीच्या एसएसडीवर सिस्टिम, आणि ४ टीबीच्या दोन जुळ्या बहिणी: एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या, कंपनी तीच, मॉडेल तेच. एकीवर फोटो, दुसरीवर बॅकअप. दर सोमवारी पहाटे दोनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं लावणारा) आरसिंक (फायली उतरवणारा) धावतो आणि बॅकअपची डिस्क हुबेहूब फोटोंच्या डिस्कसारखी करून ठेवतो. हे सगळं भाच्याने बसवून दिलेलं. तो आता बोटीवर नोकरीला आहे, फोन लागत नाही.

आज दुपारी कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढली. केबल काढल्या, पुसल्या, परत लावल्या. हात लागलाच आहे तर कपाटात पडलेली जुनी १ टीबीची डिस्कही जोडली. संगणक विनातक्रार सुरू झाला. पण फोटोंच्या फोल्डरमध्ये गेल्या रविवारपर्यंतचंच सगळं आहे. गुरुवारचं लग्न, साडेतीन हजार फोटो, नाहीत. मंगळवारी एडिट केलेला अल्बम परत कच्चा दिसतोय. मोकळी जागाही काल होती त्यापेक्षा जास्त.

कॅमेऱ्याची कार्डं कालच फॉरमॅट करून बसलोय.

दुकानदाराच्या मते डिस्क करप्ट झाली, रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून बघा. चालवू का? की आधी एफएससीके (डिस्कची तपासणी-दुरुस्ती) करू? जाणकारांनी लवकर सांगावं, घशाखाली घास उतरत नाहीये.

खटपट्या (६.५२)

हात मागे घ्या! रिकव्हरी नको, एफएससीके नको, काहीच नको.

पहिलं काम क्रॉन बंद करा. क्रॉनटॅब -ई, त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#), म्हणजे ती ओळ धावणार नाही. ते झालं की दोन गोष्टी इथे टाका: १) /ईटीसी/एफएसटॅब (कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची ती यादी) मधल्या त्या दोन डिस्कच्या ओळी, २) एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरीयल,यूयूआयडी,माउंटपॉइंट याचं उत्तर (जोडलेल्या डिस्कची यादी येईल).

(मोबाइलवरून लिहितोय, कळफलक मराठीत आहे. आज्ञा बोलतो तशा लिहिल्यात, तुम्ही टाइप करताना रोमनमध्येच.)

संशय आहे मला एक, पण आधी पुरावा.

विंडोज नाना (६.५८)

आमच्याकडे डी म्हणजे डी. केबल कुठेही खोचा. फुकटचं वापरलं की असं होतं. :)

हळदीचा फोटोवाला (७.१५)

नाना, आज नको हो.

क्रॉन बंद केला. एफएसटॅबमधल्या ओळी अशा:

/डेव्ह/एसडीबी१ /फोटो ईएक्सटी४ डीफॉल्ट्स ० २
/डेव्ह/एसडीसी१ /बॅकअप ईएक्सटी४ डीफॉल्ट्स ० २

दुसऱ्या आज्ञेचं उत्तर लांबलचक आहे. एसडीए ही एसएसडी. एसडीबी आणि एसडीसी दोन्ही ३.६टी (४ टीबीच्या घेतल्या होत्या, ते एक असो). एसडीबीच्या सिरीयल नंबरच्या शेवटी ७७, एसडीसीच्या शेवटी ४१. एसडीडी म्हणजे आज जोडलेली जुनी.

मुक्ता_सर्व्हर (७.२१)

दादा, डिस्क घेतल्या तेव्हा त्यांवर पेनाने काही लिहून ठेवलं होतं का? टॉर्च मारून बघा. फक्त बघा, काही उपसू नका.

हळदीचा फोटोवाला (७.३४)

भाच्याने खडूच्या रंगाने लिहिलंय. ४१ वर "फोटो", ७७ वर "बॅकअप".

थांबा. म्हणजे आत्ता /फोटो म्हणून दिसतेय ती बॅकअपची डिस्क आहे??

/बॅकअप उघडलं. लग्न आहे! साडेतीन हजारच्या साडेतीन हजार. अल्बमही आहे. पाणी पिऊन येतो.

मुक्ता_सर्व्हर (७.५०)

या पाणी पिऊन. तुमच्या डिस्कला काहीही झालेलं नाही, फक्त दोन केबलींची अदलाबदल झाली आहे.

एसडीबी, एसडीसी ही डिस्कची नावं नाहीतच. तुम्ही लग्नं करता म्हणून पंगतीचंच सांगते. वाढपी म्हणतो, "तिसऱ्या पाटाला भात." तिसऱ्या पाटावर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लिनक्सचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) सुरू होताना ज्या क्रमाने डिस्क सापडतात त्या क्रमाने अक्षरं वाटतं: ए, बी, सी, झेड संपलं की एए. क्रम बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या पोर्टांप्रमाणे लागतो, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडत नाही आणि माणसाला वाटतं हे नावच आहे. पण तशी हमी कोणी दिलेली नाही. केबल बदलली, नवीन कार्ड लावलं, बूट होताना यूएसबीची डिस्क जोडलेली राहिली, की पाट बदलू शकतो.

आता सोमवारी पहाटे काय झालं असतं ते बघा. तुमच्या आरसिंकला --डिलीट (मूळ ठिकाणी नसेल ते पुसणारा पर्याय) असणारच, "हुबेहूब" म्हणालात त्यावरून. त्याने /फोटो, म्हणजे आठवड्यापूर्वीचा बॅकअप, हे मूळ मानलं असतं आणि /बॅकअप, म्हणजे खरे फोटो, त्याच्यासारखे केले असते. गुरुवारचं लग्न "मूळ ठिकाणी नाही" म्हणून पुसलं असतं. मंगळवारच्या अल्बमवर कच्चा अल्बम चढला असता. एरर एकही नाही, लॉगमध्ये सगळं यशस्वी.

खटपट्या (८.०५)

मुक्ताताई, अगदी हाच संशय होता. डिस्क खरंच खराब असती तर फायली तुटक दिसल्या असत्या, नेमक्या गेल्या रविवारपर्यंतच्या नीटनेटक्या नसत्या.

थोडं म्हातारपण करतो. आयडीई केबलच्या (साटाच्या आधीची, एकीवर दोन डिस्क) काळात नाव खरोखर जागेचं होतं. एचडीए म्हणजे पहिल्या केबलवरची मास्टर, एचडीबी तिची स्लेव्ह, एचडीसी-एचडीडी दुसऱ्या केबलवर. मागचा जम्पर चिमट्याने हलवायचा आणि नाव बदलायचं. मधली एक डिस्क काढली तरी बाकीच्यांची नावं तीच राहायची. एसडी हे आडनाव तेव्हा स्कझी नावाच्या वेगळ्या जोडणीवाल्यांचं. मग कर्नलमध्ये लिबएटीए हा नवा ड्रायव्हर आला आणि साटा, आयडीई सगळे एसडी झाले. २००७ साली फेडोरा ७ टाकलं आणि माझ्या एफएसटॅबमधली प्रत्येक एचडीए ओळ पोरकी झाली, तो दिवस अजून आठवतो.

हल्लीच्या एनव्हीएमई एसएसडींचं निराळंच. एनव्हीएमई०एन१पी२ म्हणजे शून्य क्रमांकाचा कंट्रोलर, त्यातली पहिली नेमस्पेस, तिचं दुसरं पार्टिशन. नावाच्या शेवटी आधीच आकडा असतो म्हणून मध्ये पी घालावा लागतो. दिसायला भारदस्त, पण तिथेही दोन एनव्हीएमई असतील तर ० कोण आणि १ कोण यावर पैज लावू नका.

हळदीचा फोटोवाला (८.१२)

दोघांनाही दंडवत. आता करू काय? केबल परत बदलू?

मुक्ता_सर्व्हर (८.३०)

केबलींना हातसुद्धा लावू नका. त्या चुकीच्या जागी असूनही काम बरोबर चाललं पाहिजे, तरच दुरुस्ती झाली म्हणायची.

ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) फॉरमॅट करताना प्रत्येक फाइलसिस्टिमला एक यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, मिळतो, मधल्या रेघा धरून ३६ अक्षरं. तो डिस्कवरच लिहिलेला असतो, त्यामुळे डिस्क कुठल्याही पोर्टला, दुसऱ्या संगणकालाही लावा, बदलत नाही. फॉरमॅट केलं किंवा मुद्दाम बदलला तरच नवा मिळतो. सुडो बीएलकेआयडी म्हटलं की दिसेल. (विंडोजच्या एनटीएफएसवाल्या डिस्कचा आखूड दिसेल, १६ अक्षरी. घाबरू नका.)

एफएसटॅबची आधी एक प्रत काढून ठेवा. मग /डेव्ह/एसडीबी१ च्या जागी यूयूआयडी=... लिहा. ४१ वाल्या डिस्कचा यूयूआयडी /फोटोसमोर, ७७ वाल्याचा /बॅकअपसमोर. एलएसबीएलकेमध्ये सिरीयल डिस्कच्या ओळीत आणि यूयूआयडी खालच्या पार्टिशनच्या ओळीत दिसतो, तिथे नजर घसरू देऊ नका. दोन्ही अनमाउंट करा (फोल्डरपासून सोडवा), सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड, मग फाइंडमंट --व्हेरिफाय (एफएसटॅब तपासतं), आणि त्याने चूक दाखवली नाही तरच सुडो माउंट -ए. रीबूट सगळ्यात शेवटी. एफएसटॅब चुकलेलं असताना रीबूट केलंत तर दीड मिनिट "स्टार्ट जॉब" मोजत बसेल आणि मग इमर्जन्सी मोडच्या काळ्या पडद्यावर सोडून देईल.

विंडोज नाना (८.४१)

म्हणजे शेवटी आमचंच खरं. केबल बदलली तरी डी तो डीच.

खटपट्या (८.५५)

नाना, अर्धं खरं. तुमच्या विंडोजने डी कुठल्या डिस्कला द्यायचा ते रजिस्ट्रीत, माउंटेडडिव्हायसेस नावाच्या कप्प्यात लिहून ठेवलेलं असतं. जुन्या एमबीआर डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये चार बाइटची सही असते, तिच्यावरून ओळख पटते. म्हणून केबल बदलली तरी अक्षर टिकतं. पण डिस्कची हुबेहूब नक्कल करून दोन्ही एकदम जोडा. सह्या जुळल्या म्हणून दुसरी डिस्क ऑफलाइन दाखवतं की नाही बघा. आणि डिस्क मॅनेजमेंटमधले डिस्क ०, डिस्क १ हे आकडे आमच्या ए-बी-सीचेच भाऊ.

ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेले, म्हणून हार्ड डिस्क सीपासून. फ्लॉपी जाऊन किती वर्षं झाली, पाट अजून मांडलेले आहेत.

नक्कलेचा धोका आम्हालाही आहे बरं. डीडीने (डिस्कची जशीच्या तशी नक्कल करणारी आज्ञा) डिस्क उतरवली तर यूयूआयडीही उतरतो, मग एकाच नावाच्या दोघी. तसं कधी केलंत तर ट्यून२एफएस -यू रँडम देऊन एकीला नवा द्यावा.

हळदीचा फोटोवाला (९.४०)

अपडेट. अनमाउंट होईना, "टार्गेट इज बिझी". लग्नाचे फोटो उघडून बघत बसलो होतो, ती खिडकी बंद करायची राहिली होती. :)

यूयूआयडी कागदावर उतरवून टाइप केला. फाइंडमंटने लगेच सांगितलं की असा यूयूआयडी सापडत नाही. बघतो तर बीच्या जागी ८ वाचला होता. दुसऱ्यांदा कॉपी-पेस्ट केलं. माउंट झालं, रीबूट केलं, केबल अजून उलट्याच आहेत आणि /फोटोमध्ये लग्न आहे!

एक शंका. हा ३६ अक्षरी आकडा मला कधी लक्षात राहणार नाही. लेबल देऊन चालतं असं वाचलं. मराठीत देता येईल का?

मुक्ता_सर्व्हर (९.५५)

येईल, पण मोजून. ईएक्सटी४ च्या लेबलाला १६ बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळी धरून. "फोटो" १२, "बॅकअप" १५. दोन्ही बसले, नशीब तुमचं. "लग्नाचे फोटो" बसणार नाही. ई२लेबल वापरा. पण एफएसटॅबमध्ये यूयूआयडीच राहू द्या, लेबल आपल्या डोळ्यांसाठी.

क्रॉनवरचा हॅश एवढ्यात काढू नका. उलट प्रकार अजून शिल्लक आहे. समजा फोटोंची डिस्क एखाद्या दिवशी माउंटच झाली नाही आणि तुम्ही इमर्जन्सी मोडला वैतागून एफएसटॅबमध्ये नोफेल (डिस्क नसली तरी बूट होऊ दे) लिहून ठेवलेलं आहे. मग /फोटो हे एसएसडीवरचं रिकामं फोल्डर. आरसिंक --डिलीट ते रिकामपण इमानाने बॅकअपवर उतरवेल. उलट बॅकअपची डिस्क नसेल तर ४ टीबीचे फोटो २४० जीबीच्या एसएसडीत कोंबायला घेईल. म्हणून आधी माउंटपॉइंट -क्यू /फोटो, मग माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप, दोन्ही हो म्हणाले तरच आरसिंक. मध्ये दोन अँपरसँड (&&) घाला.

कांदेपोहे (१०.१०)

मी फोटोंच्या डिस्कवर "मूळ" नावाची एक रिकामी फाइल ठेवतो. स्क्रिप्ट आधी ती शोधते, नसेल तर थांबते. केबल-बिबल काही झालं तरी निर्धास्त.

खटपट्या (१०.१८)

पोहेसाहेब, ती फाइल आरसिंक पहिल्याच रात्री बॅकअपवरही उतरवतो ना? मग दोन्हीकडे "मूळ". तुमची स्क्रिप्ट कुठल्याही डिस्कला हो म्हणेल.

कांदेपोहे (१०.३१)

अरेच्चा. बघितलं. दोन्हीकडे आहे. तीन वर्षं झाली.

खटपट्या (१०.३६)

--एक्सक्लूड मध्ये तिचं नाव घाला आणि बॅकअपवरची प्रत हाताने पुसा. वगळलेल्या फाइलीला --डिलीटही हात लावत नाही, त्यामुळे बॅकअपवर "नक्कल" नावाची दुसरी फाइल ठेवून तीही वगळता येईल. मग दोन्ही बाजू तपासता येतात. कल्पना चांगलीच आहे तुमची.

हळदीचा फोटोवाला (सोमवार, सकाळी ९.०५)

माउंटपॉइंटही घातलं आणि मूळ-नक्कलही. रविवारी --ड्राय-रन (काही न बदलता नुसती तालीम) लावून यादी वाचली, पुसायच्या फायलींत लग्नातलं काही नव्हतं, मग हॅश काढला. पहाटे धावलं. ७७ वर आता गुरुवारचं लग्न आहे, अल्बमही एडिट केलेलाच आहे. नवरीच्या वडिलांना संध्याकाळी फोटो बघायला बोलावलंय, त्यांना यातलं काही सांगणार नाही.

ती जुनी १ टीबीची डिस्क मात्र नुसती वाचता येते, लिहू देत नाही. तिच्यावर एनटीएफएस आहे. वेगळा धागा काढू का?

विंडोज नाना (९.२०)

माझ्या खात्यातलं आलं एकदाचं! आधी ज्या विंडोज संगणकात होती, तिथे फास्ट स्टार्टअप चालू असणार. शटडाउन म्हटलं तरी विंडोज अर्धवट झोपतं, आणि लिनक्स झोपलेल्याच्या डिस्कवर लिहीत नाही. त्याच संगणकाला परत लावून फास्ट स्टार्टअप बंद करा आणि मग नीट शटडाउन करा.

हळदीचा फोटोवाला (९.२६)

नाना, तो संगणक भंगारात दिला हो.

विंडोज नाना (९.२८)

मग काढा धागा.