मदत हवी आहे: केकच्या भांड्यांवरचा चिकट तपकिरी थर निघता निघत नाही

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. आमच्या गल्लीत पूर्वी दिवाळी आली की रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून डबा भरून आणायचा. ट्रे बेकरीवाल्याचे, ते घासायची कटकटही त्याचीच. आता घरात ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आलाय, त्यामुळं ट्रे आपले आणि ओशटपणाही आपलाच!

ॲल्युमिनियमचा केकचा गोल डबा आतून बरा आहे. बाहेरच्या अंगाला मात्र पिवळट तपकिरी थर बसलाय आणि वरची कड दुमडलेली आहे ना, तिथं तर बोट फिरवलं की चिकटतंच. नखानं ओरखडलं तर जरासा सुटतो, साबणाला दाद देत नाही. शिवाय ओव्हनसोबत आलेला काळा नॉनस्टिक ट्रे आहे, त्याच्या कोपऱ्यांत जुन्या तुपाचा खवट वास राहतो.

जाऊबाई म्हणतात धुण्याचा सोडा घालून उकळ. सासूबाईंचा भरवसा राखेवर, पण गॅसच्या घरात राख आणायची कुठून? मोबाईलवर बघावं तर जो तो सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस दाखवतोय. नेमकं काय करू?

रंकाळ्याकाठी:
ताई, ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा अजिबात नको, कॉस्टिक सोडा तर लांबच ठेवा. तीव्र क्षारानं धातूच खाल्ला जातो, भांडं काळं पडतं. तुमचा थर म्हणजे नुसतं तेल नाही; उष्णतेनं आणि हवेनं तेल घट्ट होऊन व्हार्निशसारखं बसलंय, म्हणून साबण हरतो. खायच्या सोड्यात भांड्यांचा साबण आणि थोडं पाणी घालून दाटसर लेप करा, अर्धा तास राहू द्या, मग नायलॉनच्या घासणीनं चोळा आणि गरम पाण्यानं धुवा. कडेसाठी जुना टूथब्रश. रात्रभर मात्र ठेवू नका, या सोड्यानंही ॲल्युमिनियमची चमक जाते. काळपटपणा आलाच तर चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात उकळा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू नका. फेस छान दिसतो, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात.

उद्यमनगरकर:
बाहेरच्या डागाच्या एवढं मागं का लागताय? बेकरीतले पत्र्याचे ट्रे काळेकुट्टच असतात की! चिकटपणा गेला, वास गेला, बास. फक्त काळं पडलेलं भांडं उष्णता जास्त ओढतं, केकचा तळ लवकर करपतो, तेवढी नजर ठेवा.

धागाकर्ती:
मनापासून आभार! कडेतला चिकटा टूथब्रशनं बराच सुटला, बाहेरचे डाग आता राहू देते. नॉनस्टिकचं काय?

रंकाळ्याकाठी:
त्याला तारेची घासणी लावू नका. ट्रेमध्ये कडकडीत पाणी आणि साबण घालून पाणी कोमट होईपर्यंत ठेवा, मग मऊ स्पंजानं पुसा. वास राहिलाच तर सोड्याचा पातळ लेप. धुतल्यावर बंद केलेल्या, पण अजून गरम असलेल्या ओव्हनमध्ये वाळवा, म्हणजे कोपऱ्यात पाणी राहत नाही. आणि पुढच्या वेळी तळाला बटर पेपर घाला. पण ट्रेवरच्या नॉनस्टिक थराचे पोपडे निघायला लागले असतील, तर घासत बसू नका, ट्रेच बदला.