तंबाखू तर कायदेशीरच आहे की

दादा, गांजा कायदेशीर केला की काळा बाजार मोडेल आणि सरकारला कर मिळेल, असं तुम्ही वर लिहिलंय. मी कर्नाटकातल्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या निपाणीकडचा. आमच्याकडं तंबाखू उघड्यावर, कर भरून विकली जाते. म्हणून खाणारे कमी झाले का? शाळकरी पोरांच्या खिशात पुडी सापडते. आणि महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तेव्हा सीमेपलीकडून माल जायचा तो जातच राहिला. एका बाजूला सूट मिळाली की दुसऱ्या बाजूचं काय होतं, हे आम्ही सीमेवर राहून बघितलंय.

तुम्ही दिलेलं पोर्तुगालचं उदाहरण अर्धवट आहे. 2001 पासून तिथं स्वतःपुरता नशेचा माल जवळ सापडला तर तुरुंग नाही, पण विक्री आजही गुन्हाच आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉननं 2020 मध्ये मतदान घेऊन अशीच सूट दिली आणि 2024 मध्ये मागं घेतली.

माझ्या चुलत काकूंच्या घरात पहिल्यांदा देव्हाऱ्यातली समई गेली. मग तांब्याचा हंडा. कामवालीवर संशय घेतला, बिचारीला काढलं. पोरगं आपलंच गोळ्यांच्या नादाला लागलंय, हे कळायला वर्ष गेलं.

त्याला तुरुंगात टाका असं मी म्हणत नाही. अमली पदार्थांविरोधातल्या 1985 च्या कायद्यातलं (एनडीपीएस) कलम 64 अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देतं. काकूंना ते कुणी सांगितलंच नाही, भीतीनं त्या गप्प बसल्या. दादा, आधी तालुक्याला एक व्यसनमुक्ती केंद्र मागूया, दुकानं नकोत.