सरकारी फ्लड इन्शुरन्स बंद असताना क्लोजिंग
अमेरिकेतला सरकारी फ्लड इन्शुरन्स प्रोग्राम, म्हणजे एनएफआयपी, लॅप्स झाला (मुदत संपून बंद पडला) की घरखरेदीचं क्लोजिंग, म्हणजे शेवटचा व्यवहार, अडकलंच असं अनेकांना वाटतं, पण तसं सरसकट नसतं. 2025 मध्ये 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर नव्या पॉलिसी निघत नव्हत्या, तरी लॅप्सच्या काळात फ्लड झोनमधल्या घराला पॉलिसीशिवाय लोन द्यायची मुभा बँकेला असते, फक्त झोन तपासणं आणि तुम्हाला नोटीस देणं चुकत नाही, आणि प्रोग्राम सुरू झाला की पॉलिसी घ्यावीच लागते. अर्थात मुभा आहे म्हणून प्रत्येक बँक देईलच असं नाही, काही जण सरळ प्रायव्हेट पॉलिसी मागतात. म्हणून आधी विकणाऱ्याला विचारा, त्याची एनएफआयपी पॉलिसी चालू असेल तर ती क्लोजिंगला तुमच्या नावावर असाईन करून घेता येते, लॅप्समध्येसुद्धा. फक्त तिची एक्स्पायरी डेट नक्की बघा!