मदत हवी आहे: किडनी देणाऱ्या वहिनीसाठी ऑपरेशननंतरचा 'ब्लॉक'

नमस्कार मंडळी,

माझी वहिनी दादाला किडनी देणार आहे. तपासण्या, कागदपत्रं, परवानग्या सगळं पार पडलंय; ऑपरेशन पुढच्या महिन्यात, पुण्यात. घरात दिवसभर विषय दादाचा: क्रिएटिनिन किती, डायलिसिस कधी. ते साहजिकच आहे. पण धडधाकट असून टेबलावर जाणार आहे ती वहिनी, आणि डायलिसिसला भेटलेल्या जोडप्यांनी एकच सांगितलं, की सुरुवातीला दात्यालाच जास्त दुखतं. म्हणून हा धागा तिच्यासाठी.

ऑपरेशन दुर्बिणीतून आहे. पोटावर छोटी भोकं आणि किडनी बाहेर काढायला ओटीपोटावर आडवा छेद, तिच्या सिझरच्या जुन्या व्रणाजवळच. आत काही अडचण आली तर कुशीत, बरगडीखाली मोठा छेद घ्यावा लागेल, याचीही कल्पना दिलीय. भूलतज्ज्ञ म्हणाले, पूर्ण भूल देऊच, शिवाय दुखू नये म्हणून ब्लॉक, म्हणजे तेवढ्या भागाच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन, देऊ. बाहेर रांग होती, बोलणं तेवढ्यावरच आटोपलं. कानावर पडलेली नावं: टॅप, क्यूएल, इरेक्टर स्पायनी.

अडचण अशी की वहिनीला पाठीत सुई नको आहे. सिझरच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलं होतं आणि तेव्हापासून कंबर धरते, असं ती म्हणते. मागे हात नेऊन मणक्यावरची नेमकी जागा दाखवते, "इथंच टोचलं होतं." शेजारच्या बायका दुजोरा द्यायला असतातच. भूलतज्ज्ञांपुढे मात्र यातलं काहीच बोलली नाही, मान डोलावून बाहेर आली.

दुसरीकडे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या तिला द्यायच्या नाहीत असं ठरलंय, कारण उरलेली एकच किडनी जपायची आहे. ट्रामाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकाने तिला उलट्यांवर उलट्या होतात. ताज्या टाक्यांवर उलटी म्हणजे काय, ते सिझर झालेल्या कुणालाही विचारा. त्यामुळे तिने ब्लॉक नाकारू नये असं मला मनापासून वाटतं, पण दामटून 'हो' म्हणायला लावायचं नाही.

या तिघांपैकी पाठीत न टोचता होणारा कोणता? तो पुरतो का? आणि ब्लॉक उतरल्यावर काय? अनुभवी दात्यांनी आणि डॉक्टर मंडळींनी कृपया लिहावं.

प्रतिसाद १

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे. आधी सुईचं बोलू. सिझरला दिलेलं स्पायनल मणक्याच्या आतल्या द्रवात जातं. तुम्ही लिहिलेला एकही ब्लॉक तिथे जात नाही. सोनोग्राफीत बघत बघत स्नायूंच्या थरांमध्ये बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध सोडतात. टॅप पोटाच्या बाजूला, बरगड्या आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या जागेत देतात. क्यूएल त्याच्या मागे, कुशीत. इरेक्टर स्पायनी पाठीतूनच देतात, पण मणक्याच्या शेजारी, आत नाही. हा त्यातला नवा, २०१६ पासून माहीत झालेला. तिन्ही ब्लॉक पेशंट भुलेत असताना देता येतात, वहिनींना सुई जाणवणारही नाही. स्पायनलमुळे कंबर वर्षानुवर्षं दुखत राहते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पण त्यांची कंबर दुखते हे खरंच आहे, तेव्हा यावर त्यांच्याशी वाद घालू नका.

आता पुरतो का. ओटीपोटावरच्या छेदाला टॅप चांगला. मात्र तो पोटाच्या भिंतीपुरताच. आतली कळ आणि लघवीच्या नळीची जळजळ त्याने थांबत नाही. क्यूएल आणि इरेक्टर स्पायनीचं औषध मणक्याजवळच्या नसांकडे पसरू शकतं, म्हणून आतल्या कळेलाही थोडा उतार पडू शकतो, पण सगळ्यांना सारखा नाही. कुशीत मोठा छेद घ्यावा लागला तर नेहमीचा टॅप अपुरा पडतो. तिथे श्वास घेताना, खोकताना दुखतं, पेशंट खोल श्वास घेत नाही आणि छातीत कफ साठतो. म्हणून 'ओपन करावं लागलं तर कोणता ब्लॉक?' हे आधीच विचारून ठेवा. ट्रामाडॉलच्या उलट्यांचंही स्वतःहून सांगा, फाइलवर लिहून घ्यायला लावा.

एकदा दिलेला ब्लॉक साधारण १२ ते २४ तास चालतो. सकाळचं ऑपरेशन असेल तर तो नेमका रात्री किंवा पहाटे उतरतो. त्यामुळे पॅरासिटामॉल दुखायला लागल्यावर नाही, पहिल्यापासून घड्याळ लावून चालू हवं. रात्रीच्या सिस्टरना हे माहीत आहे ना, तेवढं बघा.

प्रतिसाद २

मी आईला किडनी दिलीय, दुर्बिणीतूनच. टॅप दिला होता. छेदाची जागा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बधिर होती. मला रात्रभर छळलं ते उजव्या खांद्याने! पोटात भरलेल्या गॅसमुळे असं होतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर घाबरले नसते. चालायला लागल्यावर कमी झालं. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरायला सांगा वहिनींना.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद वहिनीला वाचून दाखवले. भुलेत असतानाच देणार म्हटल्यावर तिने दोनदा विचारलं, "नक्की ना?" भूलतज्ज्ञांची पुन्हा वेळ घेतलीय, या वेळी बोलणार ती, मी फक्त सोबत.

डॉक्टर, एक राहिलं. ब्लॉक ऑपरेशन सुरू होण्याआधी देतात की संपताना? आधीच टॅप दिला आणि नंतर ओपन करावं लागलं, तर वरून दुसरा देता येतो का, की औषधाचा डोस जास्त होतो?