फ्यूड : भांडण किती जुनं झालं की फ्यूड म्हणायचं?

प्रश्न : दोन कुटुंबांत जमिनीवरून 15 वर्षं कोर्टात खटला चालू आहे. इंग्रजीत त्याला ‘फ्यूड’ म्हटलं तर चालेल का? आणि मराठीत काय लिहावं?

– नुसती वर्षं मोजून चालत नाही. खटला कितीही रखडला तरी तो ‘डिस्प्यूट’च. फ्यूड म्हणायला दोन्हीकडे वैर धरलेलं हवं, एकानं काही केलं की दुसऱ्यानं उट्टं काढायचं, असं चाललेलं हवं. अमेरिकेतल्या हॅटफिल्ड आणि मकॉय घराण्यांचं उदाहरण घ्या. 1878 मध्ये एका डुकराच्या मालकीवरून खटला झाला. तेवढाच असता तर तो डिस्प्यूट. 1882 मध्ये एलिसन हॅटफिल्डला मकॉय भावांनी जीवघेणं जखमी केलं आणि बदल्यात तीन मकॉय भाऊ मारले गेले. हा फ्यूड. डुक्कर तोवर कुठल्या कुठे राहिलं होतं. अर्थात रक्तपात हवाच असं नाही; तो असेल तर ‘ब्लड फ्यूड’ म्हणतात.

– शब्दयोजनेत चुका जास्त होतात. कोणाशी, तर ‘विथ’. दोघांमध्ये, तर ‘बिट्वीन’. कशावरून, तर शक्यतो ‘ओव्हर’. क्रियापद अकर्मक आहे, म्हणून ‘ही फ्यूडेड हिज ब्रदर’ चूक, मध्ये ‘विथ’ हवंच. कालच्या बाचाबाचीला ‘राउ’ (row) किंवा ‘क्वारल’ पुरे. मथळ्यात मात्र फ्यूड सर्रास दिसतो, कारण अक्षरं कमी लागतात!

– ‘फ्यूडिंग फॅमिलीज’च्या जागी ‘फ्यूडल फॅमिलीज’ लिहू नका. पहिली एकमेकांची वैरी, दुसरी सरंजामी. ‘फ्यूडल’ जहागिरीच्या अर्थाच्या मध्ययुगीन लॅटिन शब्दावरून आला. वैरवाला फ्यूड जर्मानिक मुळाचा, ‘फो’ म्हणजे शत्रू याच्या नात्यातला. जहागीर या अर्थाचाही एक ‘फ्यूड’ कायद्याच्या जुन्या इंग्रजीत आहे, म्हणून घोटाळा वाढतो.

– मराठीत ‘हाडवैर’ किंवा ‘पिढीजात वैर’. ‘भाऊबंदकी’ फक्त नात्यागोत्यात. दोन कंपन्यांची भाऊबंदकी लिहिलीत तर थट्टा वाटेल. ‘वितुष्ट’ कमी पडतं, त्यात अबोलाही बसतो. ‘दावा’ या शब्दाला जुना वैराचा अर्थ आहे, ‘दावा साधणे’ त्यातूनच आलं. पण आज वाचक ‘जुना दावा’ म्हटलं की कोर्टातला समजेल. तुमच्या प्रकरणात तो तसाच आहे. तेव्हा इंग्रजीत ‘लाँग-रनिंग डिस्प्यूट’, मराठीत ‘जमिनीचा जुना वाद’.