मिलिंद महाविद्यालय, नागसेनवन : विद्यार्थ्यांचे अनुभव

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयानंतर १९५० मध्ये औरंगाबादेत हे महाविद्यालय सुरू केले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. आरंभी ते उस्मानिया विद्यापीठाला जोडलेले होते. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्या कक्षेत आले. हा इतिहास नोंदलेला आहे, परंतु वसतिगृहातले जगणे फारसे कोणी लिहिलेले नाही, म्हणून येथे शिकलेल्या सर्वांना आपापले अनुभव लिहिण्याची आग्रहाची विनंती आहे.

कला शाखा, १९६४ ते १९६८
माझे वडील जालन्याजवळच्या एका गावात सालदार होते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वसतिगृहात आलो तेव्हा विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्याची मुले एकाच खोलीत राहत, आणि प्रत्येकाची बोली वेगळी असल्यामुळे पहिले काही आठवडे आम्ही एकमेकांचे शब्द शिकण्यातच घालवले. शिष्यवृत्ती येईपर्यंत मेसचे पैसे थकलेले असत, तरीही एकाचे ताट दोघांत वाटून आम्ही वेळ निभावून नेली. वडिलांची पत्रे गावातले मास्तर लिहून देत. ती आली की खोलीत सर्वांसमोर मोठ्याने वाचली जात, कारण पाऊस, मजुरी, बहिणीचे लग्न आणि सावकाराचा तगादा हे विषय सगळ्यांच्याच घरचे होते. मी अर्थशास्त्र वर्गात शिकलो खरा, पण कर्जाचे गणित मला त्या पत्रांतूनच आधी समजले, असे मी आजही मानतो.

मराठी विभाग, १९६६ ते १९७०
वरील अनुभवात साहित्याचा उल्लेख राहून गेला आहे. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले होते, त्यामुळे विद्यार्थ्यांनी लिहावे आणि सादर करावे ही परंपरा आमच्याआधीच रुजली होती. अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य म. ना. वानखेडे तेथील कृष्णवर्णीय लेखकांविषयी बोलत, तेव्हा आपल्या वस्तीतले जगणेही साहित्याचा विषय होऊ शकते, याची आम्हाला प्रथमच खात्री पटली. पुढे गंगाधर पानतावणे सरांचे ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचे नियतकालिक आले. दलित साहित्याचा इतिहास सांगताना या वर्गखोल्यांना मागे ठेवणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाणिज्य शाखा, १९७७ ते १९८०
२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. आमच्यापैकी अनेकांना घरचा निरोप मिळत नव्हता. रात्री कोणी झोपत नसे. एसटीने आलेल्या प्रत्येक माणसाला आम्ही गावाचे नाव विचारत असू. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला, तेव्हा मी नोकरीनिमित्त नाशिकला होतो आणि त्या काळातल्या खोलीमित्रांना तारा पाठवल्या.

विज्ञान शाखा, १९८९ ते १९९२
मी मुलींमधली. प्रयोगशाळेतले काम सायंकाळपर्यंत चाले आणि गावाकडची शेवटची बस चुकण्याची धास्ती असे, म्हणून दोन वरिष्ठ मैत्रिणींनी मला आपल्या खोलीत ठेवून घेतले. त्या दोघी पुढे शिक्षिका झाल्या आणि त्यांच्या शाळांतून आलेल्या मुलींची प्रवेशपत्रे आम्ही तिघींनी मिळून कित्येक वर्षे भरून दिली.